बीपी-शुगरच्या गोळ्यांसाठी मोर्चा का निघत नाही?

बालाघाटी

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज लिहावंच लागतंय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी पुण्यात नोकरीला, आईवडील गावी, बीड जिल्ह्यात. वडील ६१ वर्षांचे. दिवाळीनंतर त्यांच्या अंगावरून वारं गेलं, डावी बाजू. आता काठीने चालतात, बोलणं बरंच सुधारलंय, पण शर्टाची बटणं अजून आई लावते. दवाखान्यात नेलं तेव्हा बीपी २१० च्या वर. आणि गंमत बघा (गंमत कसली), वडलांना बीपी आहे हे आम्हाला तीन वर्षांपासून माहीत होतं. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातच सापडलं होतं, गोळी पण चालू झालेली. मग सुटली. का सुटली तर केंद्र सात किलोमीटरवर, आणि एवढं गेलं की कधी दहा गोळ्या, कधी पाच, कधी "स्टॉक नाही, पुढच्या सोमवारी या" आणि हातात बाहेरून घ्यायची चिठ्ठी. वडलांचं म्हणणं, डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग पाच गोळ्यांसाठी रोजगार कशाला बुडवू. तंबाखू सोडल्यावर रिकामी झालेली चुन्याची डबी होती त्यांची, त्यातच गोळ्या ठेवायचे. वारं गेल्यावर मी ती डबी उघडली तर पट्टीचा कात्रीने कापलेला एक तुकडा, त्यात चार गोळ्या. कधीच्या होत्या देव जाणे.

आता खरा विषय. ७ एप्रिलला जागतिक आरोग्य दिन म्हणून गावात शाळेच्या पोरांची प्रभातफेरी निघाली. "मीठ कमी, आरोग्याची हमी" वगैरे घोषणा, बॅनर, सरपंच, फोटो. मी योगायोगाने गावीच होतो. त्याच दिवशी वडलांच्या गोळ्या आणायला केंद्रात गेलो तर बीपीची गोळी संपलेली. मी शांत माणूस आहे पण त्या दिवशी डोकं फिरलं.

घरी येऊन वाचत बसलो. २०२३ मध्ये आयसीएमआरचा (केंद्राची वैद्यकीय संशोधन संस्था) मोठा अभ्यास आला होता, त्यात देशात १०.१ कोटी लोकांना डायबेटिस आणि ३१.५ कोटी लोकांना हाय बीपी असा अंदाज आहे. एवढी मोठी व्होट बँक देशात दुसरी नसेल! तरी कुठल्या सभेत कुणी बीपीच्या गोळीबद्दल बोलल्याचं ऐकलंय का? पोलिओचे बूथ लागले, टीबीची गोळी समोर उभं राहून खायला लावली, एचआयव्हीवाल्यांनी भांडून औषधं मिळवली. बीपी-शुगरला काय झालं? देशपातळीवर यासाठी कोण भांडतंय का, आणि माझ्यासारख्याने नक्की मागायचं तरी काय? जनजागृती हा शब्द कृपया कुणी वापरू नका, त्या दिवशीच्या फेरीत पोटभर ऐकलाय.

---

फटकळ_नागपूरकर

वडलांचं वाचून वाईट वाटलं भाऊ. पण कडू बोलतो, सरकार काय काय करणार? आमच्याकडे सकाळी तर्री-पोहे, संध्याकाळी समोसा, रात्री सावजी, आणि मग शुगर वाढली की सरकार जबाबदार. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जुलैत, इथल्या एम्समध्ये समोसा-जिलेबीत किती तेल किती साखर आहे याचे बोर्ड लागणार अशी बातमी आली तर अख्ख्या देशाने चेष्टा केली, समोशाला सिगारेट केलं म्हणून मीम्स आले. शेवटी केंद्राला खुलासा करावा लागला की बाबांनो कुठल्या पदार्थावर इशारा छापणार नाहीये, ऑफिसांमध्ये बोर्ड लावा एवढंच म्हटलंय. लोकांनाच नको आहे तर दबाव कुणी कुणावर आणायचा? पहिलं आपलं ताट बघा.

---

टाईप_वनची_आई

नागपूरकर, तुमचं ताटाचं वाक्य मी गेली पाच वर्षं ऐकतेय. माझ्या मुलीला सातव्या वर्षी टाईप १ डायबेटिस निघाला, म्हणजे शरीरात इन्सुलिनच बनत नाही, खाण्यापिण्याने होत नाही तो. तिने कुठला समोसा खाल्ला होता? सोसायटीतल्या एका काकूंनी तोंडावर विचारलं, चॉकलेटं फार देत होता का हो. त्यानंतर मी लिफ्टने जाणंच सोडलं काही दिवस.

"लाइफस्टाइल डिसीज" या शब्दाने फार वाटोळं केलंय असं माझं स्पष्ट मत आहे. या शब्दामुळे रुग्णालाच लाज वाटते, आणि लाज वाटणारा माणूस मोर्चात येत नाही. बालाघाटी, तुमच्या शीर्षकातल्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हेच आहे. पोलिओ झालेल्या पोराच्या आईला कुणी म्हणत नव्हतं की तुझीच चूक.

पण एक चांगली गोष्ट पण सांगते. २०१७ मध्ये सीबीएसईने दहावी-बारावीच्या डायबेटिस असलेल्या मुलांना परीक्षेच्या हॉलमध्ये साखरेच्या गोळ्या, फळ, सँडविच, पाण्याची छोटी बाटली न्यायला परवानगी दिली. ऐकायला किती क्षुल्लक आहे ना? ज्या पोराची शुगर पेपर चालू असताना घसरून ५५ पर्यंत खाली येते आणि हात थरथरायला लागतो त्याला विचारा. एक सर्क्युलर, एक पान. मागणी अशी मापाची असली की मिळते असा माझा अनुभव आहे. "डायबेटिसबद्दल संवेदनशीलता वाढवा" असं मागितलं असतं तर एक पोस्टर स्पर्धा मिळाली असती.

---

निवृत्त_औषधवाला

मी ३१ वर्षं सरकारी नोकरीत औषध निर्माण अधिकारी होतो, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय सगळं फिरून झालंय. तुमच्या गोळ्या का संपल्या हे मी न बघता सांगू शकतो.

पुढच्या वर्षीची मागणी कशी काढतात? मागच्या वर्षीच्या खपावरून. आता समजा अ‍ॅम्लोडिपिनचा, म्हणजे बीपीच्या गोळीचा, माल मार्चपर्यंत पुरायला हवा होता तो ऑक्टोबरलाच संपला. पुढचे पाच महिने खप शून्य, कारण द्यायलाच काही नव्हतं. वर्षाचा हिशोब मांडला की खप कमी दिसतो. मग पुढच्या वर्षी मागणी कमी जाते. म्हणजे जेवढ्या गोळ्या कमी, तेवढी पुढच्या वर्षीची मागणी अजून कमी. रुग्ण किती यावरून मागणी काढली तर हा घोळ होत नाही, पण त्यासाठी गावात बीपीचे नोंदलेले रुग्ण किती आणि महिन्याला गोळ्या किती हे कुणीतरी बसून गुणायला पाहिजे. माझ्या शेवटच्या केंद्रात मी ते वहीच्या मागच्या पानावर करायचो. साहेब हसायचे. असो.

वरच्या पातळीवर खरेदीचं रामायण वेगळंच. आधी जिल्हा परिषदा, मग २०१७ नंतर हाफकिन या सरकारी कंपनीकडे खरेदी गेली, तिथे गाडी अडली, मग २०२३ मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण वेगळं काढलं. खालच्या माणसाला यातलं काही दिसत नाही, त्याला रिकामा रॅक दिसतो.

आणि आणखी एक खटकणारी गोष्ट. महात्मा फुले योजनेत डायलिसिस आहे, अँजिओप्लास्टी आहे, सगळं चांगलंच आहे, मी विरोधात नाही. पण रोजची गोळी त्यात नाही, योजना मुळात दवाखान्यात दाखल झालेल्यांसाठी. म्हणजे किडनी जाईपर्यंत थांबलात तर सरकार खर्च करतं. रोजची स्वस्तातली गोळी मात्र "स्टॉक नाही".

---

बालाघाटी

काका, हे खपाचं गणित वाचून मी दोन मिनिटं नुसता बसून राहिलो. म्हणजे वडलांनी गोळी सोडली तेव्हा कागदावर एक रुग्ण कमीच झाला, सगळं सुरळीत.

---

आशा_आहे_अजून

मी आशा आहे, खरीखुरी आशा वर्कर, विदर्भातली, गावाचं नाव विचारू नका नोकरीचा प्रश्न आहे, तर दादा तुमचं वाचलं आणि म्हटलं आपण पण लिहावं, मला टाइप करायला वेळ लागते चुका माफ करा. आमच्याकडे तीस वर्षांच्या वरच्या सगळ्यांचा फॉर्म भरायचा असते, सीबॅक म्हणतात त्याला, वय किती, तंबाखू दारू आहे का, व्यायाम करता का, घरात कुणाला बीपी शुगर आहे का, आणि कमरेचा घेर मोजायचा टेपने, बाईचा ८० सेंटिमीटरच्या वर आणि माणसाचा ९० च्या वर असला की मार्क वाढतात, चारच्या वर मार्क गेले की त्याला आधी तपासणीला पाठवायचं. आता बाईचा घेर नऊवारीवरून कसा मोजू सांगा, आणि माणसं तर टेप काढला की हसतात, काय शिंपीण आली काय म्हणतात. एका फॉर्मचे दहा रुपये. तरी केले, माझ्या हजार लोकसंख्येत जवळजवळ सगळे केले.

पण पुढं काय. मीटिंगमध्ये विचारतात किती फॉर्म झाले, किती बाकी, मोबाईलवर चढवले का. माझ्या गावात ४६ लोक बीपीचे निघाले, त्यातल्या किती जणांचं बीपी खाली आलं हे मला आजपर्यंत कोणी विचारलं नाही, एकदा पण नाही. माझ्याकडे ते लिहून आहे, मीच लिहिते माझ्या डायरीत कारण ही माणसं मला रस्त्यात भेटतात. एक आजी आहे ती गोळी अर्धी करून खाते, म्हणते पुरवून पुरवून खाते, तिला वाटते की गोळी ही मसाल्यासारखी आहे, थोडी टाकली तरी चव येते. मी सांगून थकली. पण तिचं तरी काय चूक, तिला माहीत आहे की पुढच्या महिन्यात मिळते की नाही भरवसा नाही.

मी नागपूरकर दादांना एवढंच म्हणते की या आजीच्या ताटात भाकर आणि चटणी असते, बघायला या.

---

फटकळ_नागपूरकर

ताई, शब्द मागे घेतो. ताटाचा मुद्दा शहरातल्यांसाठी होता पण मी सगळ्यांनाच लावला.

---

परळची_वारी

मी मुंबईत राहतो, वडलांच्या जबड्याच्या कॅन्सरसाठी दोन वर्षं टाटा हॉस्पिटलच्या वाऱ्या केल्या, ते गेले. त्यानंतर काही वर्षं तंबाखूविरोधी कामात जमेल तसा हातभार लावला, बॅनर उचलणे, सही गोळा करणे वगैरे, मोठा कुणी नाही मी. पण देशपातळीवर या आजारांसाठी भांडण कसं होतं ते थोडं जवळून बघितलंय म्हणून लिहितो.

सगळ्यांना थिएटरमधला मुकेश आठवत असेल. मुकेश हराणे, २४ वर्षांचा आपला भुसावळकडचा पोरगा, २००९ मध्ये गेला. सिनेमा सुरू व्हायच्या आधी तंबाखूविरोधी जाहिरातीत तो दिसायचा आणि लोक पॉपकॉर्न आणायला उठायचे, पण नाव पाठ झालं की नाही सगळ्यांना? टाटाच्या डॉक्टरांनी, त्यात डॉ. पंकज चतुर्वेदी पुढे होते, तेव्हा एक हुशारी केली. डॉक्टर आकडे घेऊन मंत्र्यांकडे जातच होते, आकड्यांनी कुणाला काही होत नाही. त्यांनी रुग्णांनाच पुढे केलं. अर्धा जबडा काढलेला माणूस आमदाराच्या समोर खुर्चीत बसला आणि बोलायचा प्रयत्न करायला लागला की आमदार मोबाईल खाली ठेवतो. मी बघितलंय हे.

मग २०१४-१५ ची लढाई. तंबाखूच्या पाकिटावर चित्राचा इशारा तेव्हा फक्त पुढच्या बाजूला ४० टक्के होता, तो दोन्ही बाजूंना ८५ टक्के करायचा नियम निघाला, १ एप्रिल २०१५ पासून लागू होणार होता. ऐनवेळी संसदेच्या एका समितीने थांबवला, समितीचे अध्यक्ष आपल्या नगरचेच तेव्हाचे खासदार दिलीप गांधी, म्हणाले तंबाखूने कॅन्सर होतो असा भारतीय अभ्यास नाही. नगरमध्ये! जिथे प्रत्येक गल्लीत एक तरी माणूस गमछा तोंडावर बांधून फिरतो. त्या वेळी सुनीता तोमर नावाची मध्य प्रदेशातली २८ वर्षांची बाई सरकारी जाहिरातीचा चेहरा होती, तिने पंतप्रधानांना पत्र लिहिलं की चित्रं मोठी करा. आणि ती गेली कधी, तर १ एप्रिल २०१५ ला. ज्या दिवशी नियम लागू व्हायचा होता त्याच दिवशी. त्यानंतर जो गदारोळ झाला त्यात पुढच्या वर्षी १ एप्रिल २०१६ ला ८५ टक्के झालंच, कंपन्या कोर्टात गेल्या, मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं आधी नियम पाळा. आज टपरीवर पुडी हातात घ्या आणि बघा, ते चित्र तिथे आहे. सोडण्यासाठी १८०० ११ २३५६ हा नंबर पण छापलेला असतो, फुकट आहे, मराठीत बोलायची सोय आहे का ते विचारून बघा.

आता आमची फजिती पण सांगतो म्हणजे फार भारावून जायला नको. गुटखाबंदी. महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून आहे, दरवर्षी वाढवतात. त्याचा आधार काय होता तर २०११ चा अन्न सुरक्षेचा नियम, की खाण्याच्या वस्तूत तंबाखू, निकोटिन घालता येणार नाही. पळवाट निघाली की पानमसाला वेगळ्या पुडीत, तंबाखू वेगळ्या पुडीत, दोन्ही एकत्र लटकवलेल्या, गिऱ्हाईक तळहातावर मिसळतो. शिवाय शेजारच्या राज्यातून येतो तो वेगळाच. बंदी मिळवायला जेवढी माणसं लागली त्याच्या दहापट ती राबवायला लागतात, आणि तोपर्यंत आपली माणसं घरी गेलेली असतात.

तर बालाघाटी, बीपीमध्ये अडचण ही आहे की बीपीला चेहरा नाही. जबडा दिसतो, बीपी दिसत नाही. आणि वारं गेलेला माणूस घरात पडून राहतो. चेहरा तुमच्या वडलांचा आहे, पण त्यांना तो द्यायचा आहे का हे त्यांनाच विचारा. आमच्या वडलांनी नको म्हटलं होतं, मी आग्रह केला नाही.

---

बालाघाटी

परळची वारी, शेवटची ओळ लागली. विचारतो त्यांना.

बाकी देशपातळीवर बीपी-शुगरचा म्हणून काही कार्यक्रम आहे की नुसते दिवस साजरे होतात?

---

साताऱ्याची_सून

आहे की! २०१० मध्ये १०० जिल्ह्यांत सुरू झाला, तेव्हा नाव इतकं लांब होतं की बोर्डावर मावायचं नाही, कॅन्सर मधुमेह हृदयविकार पक्षाघात सगळं त्यात. २०२३ मध्ये नाव बदलून सरळ असंसर्गजन्य रोगांचा राष्ट्रीय कार्यक्रम केला. त्याच वर्षी मे मध्ये केंद्राने जाहीर केलं की डिसेंबर २०२५ पर्यंत ७.५ कोटी बीपी-शुगरवाल्यांना व्यवस्थित उपचारांवर आणायचं. मार्च २०२५ ला म्हणाले जवळपास ९० टक्के झालं. आता आशाताईंनी जे विचारलं तेच मी विचारते, उपचारावर आले म्हणजे किती जणांचं बीपी १४०/९० च्या खाली आलं? उपचारावर तर बालाघाटींचे वडील पण होते की.

पण आमच्याकडचा अनुभव चांगला आहे म्हणून लिहिते. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये बीपीचा एक वेगळा प्रकल्प पाच राज्यांत सुरू झाला, आयएचसीआय, महाराष्ट्रात सातारा सिंधुदुर्ग भंडारा वर्धा हे पहिले चार जिल्हे. माझ्या सासूबाईंचं कार्ड त्यातलंच. त्यावर चौकोनी कोड असतो, सिस्टर मोबाईलने स्कॅन करते, मागचं बीपी दिसतं, आजचं टाकते, गोळ्या ठरलेल्या क्रमाने, आधी ही, नाही उतरलं तर ती वाढवा, डॉक्टर बदलला तरी गोळी बदलत नाही. महिन्याच्या गोळ्या एकदम. आणि मुख्य म्हणजे सासूबाई एकदा माहेरी लग्नाला गेल्या, तारीख चुकली, तर केंद्रातून फोन आला, "आजी गोळ्या संपल्या असतील ना?" सासूबाईंनी तो फोन अख्ख्या वाडीला सांगितला. सरकारातून मला फोन येतो म्हणे, एकदम रुबाबात. तेव्हापासून एक तारीख चुकवलेली नाही. २०२२ मध्ये या प्रकल्पाला युनायटेड नेशन्सचं बक्षीस पण मिळालं.

म्हणजे जमतं. काही शोध लावायचा बाकी नाहीये. तुमच्या जिल्ह्यात पण कागदावर हेच असायला पाहिजे.

---

होसूरहून

मी मूळचा कोल्हापूरचा, नोकरीनिमित्त बारा वर्षं तमिळनाडूत होसूरला. आमच्या कृष्णगिरी जिल्ह्यातूनच ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांची घरपोच योजना सुरू झाली, मक्कळै तेडी मरुत्तुवम. म्हणजे लोकांना शोधत येणारं औषध. बाई घरी येते, बीपी बघते, शुगर बघते, महिन्याच्या दोन महिन्याच्या गोळ्या हातात देऊन जाते. आमच्या खालच्या मजल्यावर एक म्हातारे अण्णा आहेत, त्यांच्या दारात मी स्वतः बघतो. वारं गेलेल्यांकडे फिजिओथेरपीवाला पण येतो, हे बालाघाटींसाठी मुद्दाम लिहिलं. मराठी माणूस म्हणून जरा जळफळाट होतो खरं सांगायचं तर.

का जमतं याबद्दल एक निरीक्षण. इथे गोळी नाही मिळाली तर लोक भांडतात, आणि ते भांडण निवडणुकीपर्यंत जातं. आपल्याकडे गोळी नाही मिळाली तर आपण मेडिकलमध्ये जातो.

---

निवृत्त_औषधवाला

होसूरकर शंभर टक्के. एचआयव्हीचं उदाहरण बालाघाटींनी दिलं म्हणून सांगतो. २००४ पासून फुकट गोळ्या मिळायला लागल्या, पण त्या लोकांनी पाठ सोडली नाही. २०२२ मध्ये औषधांचा तुटवडा झाला तर दिल्लीत एड्स नियंत्रण संस्थेच्या ऑफिसबाहेर चाळीसहून जास्त दिवस ठिय्या देऊन बसले होते. त्यांना माहीत होतं की गोळी चुकली की संपलं. आपल्या बीपीवाल्याला गोळी चुकली तर त्या दिवशी काहीच होत नाही, तिथेच सगळी मेख आहे.

आता कामाचं. दिल्लीत भांडणारे भांडतायत, खाण्याच्या पाकिटावर पुढच्या बाजूला साखर-मीठ-चरबीचा स्पष्ट इशारा छापा म्हणून २०२२ पासून घोळ चालू आहे, सरकार चांदण्या (स्टार) द्यायच्या म्हणतं, लोक म्हणतात चिली देशासारखा काळा शिक्का हवा, सुप्रीम कोर्टापर्यंत गेलंय. ते होत राहील. तुमच्या हातात गाव आहे. १ मे ला ग्रामसभा आहे. तिथे ठराव घ्या. आणि महाराष्ट्रात २००७ पासून आरोग्य सेवांवर लोकांनी देखरेख ठेवायची प्रक्रिया काही जिल्ह्यांत चालली, जनसुनवाया झाल्या, लोक अधिकाऱ्यांसमोर माईकवर उभे राहिले, औषधं नाहीत म्हणून सांगितलं, बऱ्याच ठिकाणी मिळाली पण. माझी पण एका जनसुनवाईत बिनपाण्याने झाली होती, तेव्हा राग आला होता, आता वाटतं बरं झालं.

---

बालाघाटी

सगळ्यांचे आभार. वडलांशी बोललो काल. म्हणाले फोटो नको, पण ग्रामसभेत येतो, बसतो. आई म्हणाली बोलायचं झालं तर मी बोलते, बटणं मी लावते ना.

मसुदा टाकतोय, सुधारा:

"ग्रामसभा असा ठराव करते की प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब व मधुमेहाची औषधे मुबलक प्रमाणात उपलब्ध करून द्यावीत व नागरिकांमध्ये याबाबत जागृती करावी."

---

निवृत्त_औषधवाला

हा ठराव आला असता तर मी फाइलला लावून विसरलो असतो. "मुबलक" म्हणजे किती? "जागृती" तुम्हीच आम्हाला वापरू नका म्हणालात! असं लिहा:

"आपल्या केंद्रात नोंद असलेल्या रक्तदाब व मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णास एका वेळी ३० दिवसांची औषधे द्यावीत. नोंदणीकृत रुग्णसंख्येनुसार वार्षिक मागणी नोंदवावी. औषध संपल्यास रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून स्थानिक खरेदी करावी. दर महिन्याच्या १ तारखेला अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन यांचा शिल्लक साठा केंद्राच्या फलकावर लिहावा."

फलकाचं कलम काढू देऊ नका, बाकी काहीही काढलं तरी चालेल. खडूने आकडा लिहायला पैसे लागत नाहीत त्यामुळे नाही म्हणायला कारण सापडत नाही. आणि एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्याला, पोच घेऊन. पोच म्हणजे शिक्का आणि तारीख, नुसती सही नाही.

---

आशा_आहे_अजून

दादा अजून एक टाका, की महिन्याला किती जणांचं बीपी ताब्यात आलं तो पण आकडा फलकावर लिहावा. मंग मीटिंगमध्ये विचारावंच लागेल त्यांना. आणि तुमच्या गावच्या आशाला आधी सांगून ठेवा, नाहीतर तिला वाटेल तिच्याविरुद्धच तक्रार आहे, पहिला फोन तिलाच जाते.

---

फटकळ_नागपूरकर

आणि ग्रामसभेला कोरम भरतो का बघा आधी. आमच्या मामाच्या गावी दोनदा तहकूब झाली होती. वारं गेलेल्यांच्या घरची माणसं मोजलीत तरी भरेल म्हणा.

---

बालाघाटी

मोजली. आमच्या एका गावात अकरा घरं निघाली, मला तीनच माहीत होती. आमच्या गावच्या आशाताईंना आजच फोन केला, त्यांनीच यादी दिली. त्यांची पण डायरी आहे.

दोन्ही कलमं घातली. आई "अ‍ॅम्लोडिपिन" म्हणायची प्रॅक्टिस करतेय, सध्या "आमलो-दीपिन" वर आहे. २ मे ला इथेच लिहितो.